अधुरे सर आणि रामाकोन्याची बस

अधुरे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लोक ‘श्री. अधुरे सर यांस’ असंच लिहीत, आणि पत्रिका बरोबर त्यांच्याच घरी पोचत. खरं आडनाव हजेरीपटात होतं. ते तिथंच राहू द्या, इतकी वर्षं कुणाला लागलं नाही.

नाव पडलं ते घंटेमुळं. आमच्या सौंसरच्या हायस्कुलात कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता आणि चपराशी त्यावर लोखंडी दांडा हाणायचा. पहिला टोला कानावर पडला, की अधुरे सर जिथं असतील तिथं थांबत. वाक्यात असतील तर वाक्यात, शब्दात असतील तर शब्दात. ‘म्हणून केंद्रापाशी होणारा हा कोन, परिघावरच्या कोनाच्या—’ ठण्ण! खडू खाली, डस्टर बगलेत, सर बाहेर. निम्मा की दुप्पट, ते उद्या.

दुसऱ्या दिवशी आत शिरता शिरता, पोरं उठून उभी राहायच्या आधीच, ते म्हणत, “—दुप्पट. काहून?” आणि पुढं सुरू.

नव्या पोरांना वाटे, सरांचा एखादा स्क्रू ढिला आहे. मलाही तेच वाटलं. मी तिथं इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी राहायला पांढुर्ण्याला, नोकरीला सौंसरला. रोज बसनं अपडाऊन करायचो आणि रोज खिडकीला डोकं टेकून ठरवायचो, की आज धडा वेळेत संपवायचा.

माझा आजार सरांच्या बरोबर उलटा होता. मला घंटा ऐकूच येत नसे. औद्योगिक क्रांती सांगायला सुरुवात करावी आणि वाफेच्या इंजिनावरून आमच्या आजोबांच्या पहिल्या रेल्वेप्रवासावर घसरावं, तिथून तिगाव स्टेशनावरच्या भज्यांवर. पोरं खूश, मी त्याहून खूश. एवढंच की परीक्षा जवळ येई तेव्हा युरोप अजून शांत असे. माझ्या हाताखालून तीन वर्षांत जेवढी पोरं बोर्डाच्या परीक्षेला गेली, त्यांच्यासाठी पहिलं महायुद्ध झालंच नाही. जगाच्या इतिहासात इतका शांततावादी मास्तर दुसरा झाला नसेल.

आता दुर्दैव असं, की बोर्डाच्या वर्गावर शेवटून दुसरा तास माझा आणि शेवटचा अधुरे सरांचा. घंटा झाली, की सर दारात हजर. मी आपला पॅरिसमध्ये. राजाचं डोकं गिलोटिनखाली ठेवलेलं, आता मध्येच कसं सोडणार? सर खोकत नसत, खुणावत नसत. डस्टर बगलेत धरून शांत उभे.

“या ना सर,” मी पहिल्यांदा म्हणालो. “झालंच आहे माझं.”

“चालू द्या गुरुजी. मी बी शिकून राहिलो.”

“तुम्ही? काय?”

“दुसऱ्याचा टाईम कसा खायचा, ते.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, कारण न हसून करणार काय! आणि राजाचं डोकं उडवूनच बाहेर पडलो. असं आठवड्यातून तीन-चारदा चाले. मला वाटे, म्हातारा हट्टी आहे. पाच-सात मिनिटांनी असं काय आभाळ कोसळतं?

एकदा मी त्यांची गंमत करायचं ठरवलं. चपराशाला चहा पाजला आणि सरांच्या तासाची घंटा जरा लवकर वाजवायला लावली. ठण्ण! सर ‘स्पर्शि—’ वर थांबले. खिडकीतून निंबाच्या सावलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी व्हरांड्यात उगाच उभा होतो. “आज घंटेले कोणाची तं घाई झाली वाटते,” एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझा तास रंगात आलेला. दारातून अधुरे सर सरळ आत आले, मला म्हणाले, “सरका जरा, गुरुजी,” फळ्यावरचा माझा नकाशा अर्धा पुसला आणि “—का” असं म्हणून स्पर्शिकेचं प्रमेय सिद्ध करून दिलं. काल गेलेली होती तेवढीच मिनिटं घेतली, वर एक नाही. जाताना डस्टर माझ्या हातात दिला. युरोपचा पश्चिम भाग त्या दिवशी मला पुन्हा काढावा लागला.

आणखी एक विचित्रपणा होता. गणिताचा तास सकाळी ठेवायचा, तेव्हा पोरांची डोकी ताजी असतात, ही सगळ्या शाळांची रीत. सरांनी मात्र हेडसरांकडून बोर्डाच्या वर्गाचा शेवटचा तास मागून घेतला होता. शेवटच्या तासाला शाळा खेळ ठेवते, शिवणकाम ठेवते, नाही तर इतिहास ठेवते. हेडसरांना तर आनंदच झाला. त्या तासाला कुणी जायला तयार नसे.

आणि त्या तासात सर झोपत.

झोपत म्हणजे काय, तास संपत आला, की “पुस्तकं बंद” म्हणत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटून घेत. पोरांनीही काही लिहायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. घंटा होईपर्यंत वर्गात पंख्याची कुरकुर तेवढी. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर म्हणत, “लोणचं टाकल्या टाकल्या खाता का तुम्ही? मुरू द्या ना जरा.”

“म्हातारं मुरून राहिलं,” आमचे ड्रॉइंगचे मास्तर डोळा मारत.

त्या झोपेला नियमही नव्हता. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. एकदा बसवाल्यांचा संप झाला, मी सायकलवरून आणि ट्रकांत बसून शाळा गाठत होतो. त्या अख्ख्या आठवड्यात अधुरे सर एकदाही डुलकले नाहीत, घंटेपर्यंत शिकवत होते. आम्ही म्हणालो, चला, म्हाताऱ्याची तब्येत सुधारली.

इथं कुसुमबद्दल सांगायला हवं. रामाकोन्याच्या पलीकडं, नदीच्या अंगाला एक लहान गाव होतं, तिथली ती. बाप कापसाच्या आणि संत्र्याच्या शेतांत मजुरीला जायचा. तिला नववीत घालायला आला तेव्हा मी ऑफिसात होतो. दारातच त्यानं सगळ्यांना जयभीम घातला, टोपी काढली आणि हेडसरांना म्हणाला,

“जी, पोरगी शिकतो म्हणते. शिकू द्या. पण अंधाराच्या आत घरी पाह्यजे. रामाकोन्यापासून पायी वाट आहे, अन् गावात तोंडं लय आहेत. एक दिवस जरी बस चुकली, का दुसऱ्या दिवशीपासून शाळा बंद. मंग मले नका बोलू.”

नागपूरकडून येऊन रामाकोन्याकडं जाणारी बस आमच्या शाळेमागच्या वळणावर हॉर्न वाजवायची आणि स्टँडवर ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत थांबायची. पण हॉर्न वाजे शाळा सुटायच्या आधी. तेव्हा हेडसरांनी तोंडी परवानगी दिली होती: त्या बाजूच्या पोरांनी हॉर्न ऐकला, की मुकाट्यानं उठून जायचं. कुसुम आणि आणखी तिघंजण दाराजवळच्या बाकावर बसत. हॉर्न झाला, की पाखरं उडावीत तशी निघून जात.

कुसुम हुशार होती, पण चुणचुणीत वगैरे नव्हे. तिला एक गोष्ट कळायला वेळ लागे, आणि कळली की ती सुटत नसे. ती बोर्डाच्या वर्गात आली तेव्हा बाप पुन्हा येऊन सांगून गेला, “अट तीच आहे, जी.”

त्याच वर्षी हिवाळ्यात छिंदवाड्याहून, आमच्या जिल्ह्याच्या हिंदी बोलणाऱ्या गावाहून, तपासणीचे साहेब आले.

हेडसरांनी मला सकाळीच बाजूला घेतलं. “हे पाहा, साहेब जेवून-खाऊन दुपारनंतर वर्गांवर निघतील. शेवटच्या तासाले ते अधुरे सरांच्या वर्गात गेले, तं संपलं आपलं. तुमचा नववीचा वर्ग शेजारीच आहे. त्याईले तुमच्याकडं बसवतो. घंटा होईपर्यंत सोडू नका.”

“म्हणजे मी नेमकं करायचं काय?”

“जे रोज करता तेच! बोलत राहा. आज पहिल्यांदा शाळेच्या कामी येऊन राहिले तुम्ही.”

इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. पण साहेब मागच्या बाकावर येऊन बसले, मांडीवर फाईल उघडली, आणि माझ्यातला आदर्श शिक्षक जागा झाला. या माणसासमोर आपण भज्यांवर घसरायचं? मी उद्दिष्टं सांगितली, नकाशा टांगला, प्रश्न विचारले, फळ्यावर सारांश लिहिला, गृहपाठ दिला. सगळं कसं नेटकं. सारांशाखाली रेघ ओढून वळलो तर साहेब उठून उभे.

“बहोत बढिया! समय का ऐसा नियोजन बहोत कम देखने को मिलता है. अभी तो घंटी में टाइम है. चलिए, बगल की कक्षा देख लेते हैं.”

जन्मात पहिल्यांदा माझा धडा वेळेआधी संपला होता. मी “सर, एक कविता पण—” असं काहीतरी म्हणालो, पण साहेब तोवर दारात होते. व्हरांड्यात हेडसरांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही.

शेजारच्या वर्गात पुस्तकं बंद, पोरं गप्प, दाराजवळचा बाक रिकामा आणि खुर्चीत अधुरे सर डोळे मिटून.

“मास्टरजी सो रहे हैं क्या?” साहेबांचा आवाज चढला.

सरांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा. साहेबांना असं बोट कुणी दाखवलं नसावं.

“ये पढाई है? और ये दरवाजे के पास वाले बच्चे कहां गए? भगा दिए? मैं आपसे पूछ रहा हूं, मास्टरजी!”

आता मात्र सर उठले. त्यांनी डोळे उघडले, रिकाम्या बाकाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “साब, वो जो खाली सीटें हैं ना, उनका हिस्सा मैं—”

ठण्ण!

सरांनी डस्टर बगलेत घेतला.

“मैं क्या?” साहेब म्हणाले.

“आगे कल.”

“क्या मतलब कल?”

“घंटी हो गई, साब,” सर म्हणाले, नमस्कार केला आणि निघून गेले. ज्या सवयीवर गाव हसत होतं, तिनं असा घात करावा! साहेबांचं तोंड लाल झालं होतं. ऑफिसात त्यांनी शेरा लिहिला: कक्षा में शिक्षक आंखें मूंदे पाए गए. मग हेडसरांना म्हणाले, “मैं आज रेस्ट हाउस में हूं. कल जाने से पहले लिखित आदेश देकर जाऊंगा. घंटी बजने तक पढाई चलेगी, और घंटी से पहले एक भी बच्चा कक्षा से बाहर नहीं जाएगा. एक भी नहीं.”

हेडसरांनी रामाकोन्याच्या बसचं सांगायचा प्रयत्न केला. “बस देखके स्कूल चलता है क्या?” म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

आदेश निघाला तर काय होणार, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि कुसुमचा बाप दोनदा बोलणारा माणूस नव्हता.

हेडसर सायकलच्या स्टँडपाशी सरांवर जवळजवळ ओरडलेच. “एक वाक्य पुरं कराले काय जात होतं तुमचं? साहेब उभे होते समोर!”

“घंटा सगळ्याईले सारखी,” सर म्हणाले. “आज साहेबासाठी लांबवली, तं उद्या या गुरुजीले कोणत्या तोंडानं सांगू?”

“अन् पोरीचं काय?”

सर सायकलवर टांग टाकता टाकता थांबले. “उद्या येईल साहेब,” म्हणाले. “मी वाक्य अर्धं ठेवलं, अन् दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, असं आजवर झालं नाही.”

मी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसलो आणि ते अर्धं वाक्य माझ्याशेजारी येऊन बसलं. त्यांचा हिस्सा मी… काय? त्यांचा हिस्सा मी काय? त्या नादात गावात उतरून मी आमच्या गल्लीवरून सरळ पुढं निघून गेलो. तेव्हा कुठं कळलं, की आमची पोरं तापातसुद्धा शाळेत का येतात. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या गोष्टी ऐकायला येतात.

दुसऱ्या दिवशी शेवटून दुसरा तास माझा. घंटा झाली असणार. मला नेहमीप्रमाणे ऐकू आली नाही. फळ्याकडून वळलो तर दारात अधुरे सर उभे, आणि त्यांच्या शेजारी, फाईल छातीशी धरून, साहेब.

“ये रोज ऐसा करते हैं?” साहेबांनी माझ्याकडं बोट करून सरांना विचारलं.

“आज कम किया, साब. आप खडे हैं इसलिए.”

मी पुस्तक उचलून पळालो. पण लांब नाही गेलो. नववीला मनात वाचायला सांगून मी व्हरांड्यात खांबाआड उभा राहिलो. माझंही वाक्य अडकलं होतं ना!

सर आत शिरले आणि पोरं उठायच्या आधीच म्हणाले, “—दूसरों में नहीं बांटता.” मग फळ्याकडं वळले आणि शिकवायला लागले.

साहेबांना काही समजलं नाही. मलाही नाही. सर शिकवत होते ते मात्र बघण्यासारखं होतं. फापटपसारा नाही, एक शब्द जास्तीचा नाही. फळ्यावर लिहिताना पाठ वर्गाकडं नाही, तिरके उभे राहून लिहायचे, नजर सगळा वेळ दाराजवळच्या बाकावर. कुसुमच्या कपाळावरची आठी सुटली, की पुढची पायरी. नाही सुटली, की तीच पायरी पुन्हा, वेगळ्या अंगानं.

मागच्या वळणावर हॉर्न वाजला.

कुसुम आणि ती तिघं दप्तरं उचलून गेली. सरांचा हात होता तिथं थांबला. फळ्यावरचं गणित अर्धं. “पुस्तकं बंद,” म्हणाले, आणि खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. संपाच्या आठवड्यात म्हातारा का डुलकला नाही, ते कळलं: बस नव्हती, त्या बाजूची पोरं सौंसरातच पाहुण्यांकडं राहून घंटेपर्यंत वर्गात होती. झोपेला नियम का नव्हता, तेही. बस लवकर आली तर डुलकी लांब, उशिरा आली तर आखूड. हिस्सा चौघांचा होता, ती चौघं नसताना तो इतरांच्या ताटात वाढायचा नाही. शेवटचा तास मागून घेतला होता तोही यासाठीच, दुसरा कुणी असता तर चौघं गेल्यावर धडा पुढं नेला असता. आणि त्यांच्या तासाचा शेवट त्या हॉर्ननं बांधलेला होता, सुरुवात मात्र माझ्या हातात होती. दारात डस्टर घेऊन म्हातारा कुणाची मिनिटं मागत उभा राहायचा, ते कळलं तेव्हा राजाच्या डोक्यापेक्षा माझं डोकं गिलोटिनखाली शोभलं असतं.

साहेब कुसुमच्या रिकाम्या बाकावर बसले. गुडघे मावेनात, तिरके बसले. पुढच्या बाकावरचा कापडदुकानदाराचा मुलगा ओठ हलवत आताचं गणित मनाशी घोळवत होता. साहेबांनी त्याला काहीतरी विचारायला तोंड उघडलं; सरांचं बोट डोळे न उघडता वर गेलं. साहेब घंटेपर्यंत तसेच बसले. मग उठून हेडसरांना एवढंच म्हणाले, “वो आदेश रहने दीजिए.”

शेरा मात्र तसाच राहिला, आणि सरांना त्याचा भारी अभिमान. कुणी नवा मास्तर आला, की सांगत, “आपल्या इथं डोळे मिटून शिकवलेलं सरकारनं लिहून ठेवलं आहे.”

कुसुमचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाही तर माझ्या सवयीप्रमाणं ते राहून जाईल. ती पास झाली, गणितात आमच्या कापडदुकानदाराच्या मुलाच्या बरोबरीनं. निकालाच्या दिवशी बाप तिला घेऊन शाळेत आला. हेडसर म्हणाले, “आता छिंदवाड्याले कॉलेजात टाका. होस्टेल आहे.” बापानं जरा वेळ टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, “टाकतो, जी. अंधाराचं पाहून घेऊ आता.” अधुरे सर कोपऱ्यात उभे होते. घंटा झाल्यावरही ते तिथंच उभे राहिले. हे मी त्यांना करताना एकदाच पाहिलं.

वेळ पाळणारी माणसं मला पुढं पुष्कळ भेटली. दुसऱ्याची वेळ पाळणारा हा एकच, आणि त्याच्या शेजारच्या तासाला मी होतो, हे मी अजून छाती काढून सांगतो.

पण मला सांगायचा होता तो साहेब गेल्यानंतरचा दिवस. त्या दिवशी मी कान निंबाच्या झाडाकडं लावून शिकवत होतो. आजोबांना रेल्वेत बसू दिलं नाही. तिगावची भजी तळू दिली नाहीत. युरोप पेटायला आला होता. सारायेव्होच्या रस्त्यावरून राजपुत्राची मोटार चालली होती, चुकून वळली, थांबली, आणि गर्दीतून एक पोरगा पुढं आला, त्यानं खिशातून पिस्तूल काढलं आणि—

ठण्ण!

ऐकू आली. देवाशप्पथ ऐकू आली. मी पुस्तक मिटलं.

“सर, मंग?” अख्खा वर्ग ओरडला. कुसुम तर उभीच राहिली होती.

“मंग उद्या,” मी म्हणालो.

दारात अधुरे सर डस्टर घेऊन उभे होते. मी ऐटीत त्यांच्या शेजारून निघालो. दोन पावलं गेलो असेन, मागून हळूच आवाज आला.

“गुरुजी, चालली का मंग गोळी?”

मी वळलो. “उद्या सांगतो, सर.”

“अरे बाप्पा!” सर म्हणाले. “आता मले रात्रभर झोप नाही लागत.” आणि हसत हसत वर्गात शिरले, अगदी वेळेवर.